अंतिम वापर

अर्जात एक रकाना आहे: अंतिम वापर.
त्यात जेमतेम सहा शब्द मावतात.
ग्राहकाने एकच लिहिलाय, दूधप्रक्रिया.

दोनशे चाळीस व्हॉल्व्ह.
पोलाद असं, की दूध सात जन्म नासलं
तरी डाग पडू नये.
आणि गळती, नकाशात म्हटल्याप्रमाणे,
शून्याच्या इतकी जवळ
की शून्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

वीस वर्षं मी भोसरीत मापं घेते.
मायक्रोमीटरचा थंड जबडा बोटांत धरला
की केसाचा विसावा भाग मला कळतो.
माणसांचं इतकं नेमकं कळत नाही.
पण डेअरीवाले मला ठाऊक आहेत.
ते भावावरून तासभर हुज्जत घालतात,
दुरुस्तीला कोण येणार विचारतात,
चहा घेतात, पुन्हा भाव पाडतात.
या गृहस्थांनी भाव केलाच नाही.
जोडणीला माणूस नको, हमीपत्र नको,
पैसे आगाऊ.
पत्ता: कुठल्याशा बंदरातल्या इमारतीचा सातवा मजला.
सातव्या मजल्यावर म्हशी?

हाच व्हॉल्व्ह दुधाला चालतो, औषधाला चालतो,
आणि एका तिसऱ्या गोष्टीलाही,
जिचं नाव सरकारी यादीत कलम म्हणून येतं,
बॉम्ब म्हणून नाही.

वडकेसाहेबांना सांगितलं, तर हसले.
त्यांचे पणजोबा तांबट आळीत हंडे ठोकायचे.
"ताई, हंड्यात काय शिजणार
हे तांबटाला कधी कोणी विचारलं होतं का?"
याकूबभाई चिंधीला हात पुसत म्हणाले,
"हंडा फुटला तर एक चूल विझायची, शेठ."
आणि लेथ पुन्हा चालू केला.

रात्री भाचा म्हणाला,
"आत्या, आपल्याकडे आहेच ना तो?
याद्या करणाऱ्यांकडे तर हजारोंनी.
मग दुसऱ्याने का नाही?"
मला उत्तर आलं नाही.
अजूनही नीट येत नाही.
ज्यांच्या माडीवर दारूगोळ्याची पिंपं
तेच आळीभर फिरून काडेपेट्या तपासतात,
हे मलाही दिसतं.
आपल्या देशाने त्या करारावर सही केलेली नाही.
पण या अर्जावर सही
माझी आहे.

गुरुवारी, भोसरीच्या सुट्टीला,
बंद शटरांच्या गल्लीत एकटी बसून
मी ग्राहकाला विचारलं:
डेअरी कुठल्या गावात?
दिवसाला किती लिटर?
दूध गाईचं की म्हशीचं?
शेवटचा प्रश्न कुठल्याच नियमात नाही.
मला तो विचारावासा वाटला.

उत्तर आलं नाही. ऑर्डरही गेली.
पोरांचा दिवाळीचा बोनस अर्धा झाला
आणि वडकेसाहेब महिनाभर
माझ्याशी कामापुरतं बोलले.

मार्गशीर्षात चाकणहून फोन.
प्रल्हाद कोहिनकर, पूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर.
"औषध कारखान्याचं काम आलंय.
नकाशात एक त्रिज्या चुकल्यासारखी वाटते, बघतेस?"

बघायची गरज नव्हती.
खालचा उजवा कोपरा, दोनच्या जागी बारा.
कंपनी बदलली होती, देश बदलला होता,
दुधाचं औषध झालं होतं.
चूक तेवढी तशीच,
वेषांतर केलेल्याच्या हातावरच्या
गोंदणासारखी.

मी सगळं सांगितलं.
पलीकडे प्रेसचे चार ठोके पडले.
"मी नाही म्हटलं तर राजकोट आहे," तो म्हणाला,
"राजकोट नाही म्हणालं, तर आणखी कुठेतरी."
खरं होतं. मी खोडलं नाही.
म्हटलं, "कुठल्या रोगावरचं औषध,
तेवढं विचार त्यांना."
तो हसला.
मग हसायचा थांबला.
फोन बराच वेळ चालू होता.

नमुन्याचा एक व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर राहिलाय.
एक्झॉस्टच्या वाऱ्याने कोरे अर्ज उडू नयेत
म्हणून त्यांच्यावर ठेवते.
त्याचा अंतिम वापर
एवढाच मला खात्रीने लिहिता येतो.